सीक्वेल कोण मागतं? गल्ला, वाटा आणि शनिवारचा आकडा

प्रश्न असा आला आहे : "एखादा सीक्वेल जगभरात ५०-५५ कोटी डॉलर कमावतो, तरी सगळे म्हणतात 'पडला'. उलट कोणीही मागितलेला नसताना कुठल्या तरी जुन्या चित्रपटाचा पुढचा भाग येऊन उभा राहतो. हे ठरवतं कोण, आणि कशावरून? आम्ही आकड्यांवरून भांडतो, पण ते आकडे वाचायचे कसे?"

मी वीसेक वर्षं या धंद्यात आहे. आधी वितरकाकडे होतो, नंतर थिएटरच्या बाजूने प्रोग्रॅमिंगला आलो. म्हणजे कुठल्या पडद्यावर कुठला चित्रपट लावायचा, किती खेळ द्यायचे आणि कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झाल्यामुळे एक गोष्ट कळली. चाहते ज्या आकड्यावरून भांडतात, त्या आकड्याकडे आत बसलेले लोक सगळ्यात शेवटी बघतात.

आधी ते ५० कोटी. हा गल्ला आहे, म्हणजे तिकीटबारीवर जमा झालेली रक्कम. ती निर्मात्याच्या खिशात जात नाही. अमेरिकेत ढोबळमानाने निम्मे पैसे थिएटरकडे राहतात आणि निम्मे किंवा थोडे जास्त स्टुडिओकडे जातात. अमेरिकेबाहेर स्टुडिओच्या हाती साधारण ४० टक्के येतात. चीनमध्ये वाटणीच्या तत्त्वावर गेलेल्या परदेशी चित्रपटाला तर २५ टक्केच. आता बेरीज करा. ५० पैकी २० कोटी अमेरिकेत आले, त्यातले १० मिळाले. बाहेरच्या ३० मधले १२ मिळाले. हातात आले २२. चित्रपट बनवायला २५ लागले असतील, तर इथेच तीन कोटींचा खड्डा पडला. आणि बातम्यांमध्ये जे बजेट छापून येतं त्यात प्रसिद्धीचा खर्च धरलेलाच नसतो. जगभर एकाच दिवशी लागणाऱ्या मोठ्या चित्रपटाच्या जाहिरातीवर दहा कोटी डॉलर उडणं ही काही अपवादाची गोष्ट नाही.

'मिशन : इम्पॉसिबल'चा २०२३ चा भाग आठवा. जगभरात ५६ कोटींच्या वर गल्ला झाला आणि खर्च २९ कोटींच्या आसपास सांगितला गेला. प्रेक्षकांना आवडला, समीक्षकांनाही आवडला. तरी हिशेबाच्या वहीत तो तोट्याच्याच बाजूला बसतो, कारण वरचंच गणित. नंतर टीव्ही, ओटीटी आणि घरच्या घरी विक्री यांतून बरंचसं भरून निघतं, पण त्याला वर्षं लागतात. "खर्चाच्या अडीचपट गल्ला झाला की सुटला" असा एक ठोकताळा आहे. वाईट नाही, पण छोट्या चित्रपटाला तो फसवतो, कारण तिथे प्रसिद्धीच निर्मितीपेक्षा महाग असू शकते. आणि जिथून पैसे आले तो देश बदलला की तो पुन्हा फसतो. 'न झा' या चिनी चित्रपटाचा दुसरा भाग २०२५ मध्ये दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेला, तो जवळपास सगळा एकट्या चीनमध्ये. त्याच पडद्यांवर बाहेरच्या स्टुडिओने तेवढाच गल्ला केला असता, तर त्याला चौथा हिस्सा मिळाला असता. घरच्या निर्मात्याचा वाटा त्याहून बराच मोठा असतो.

आता मुद्द्यावर येतो. सीक्वेल का?

सोपं उत्तर सगळे देतात : "कल्पना संपल्यात." मला हे उत्तर आळशी वाटतं. सीक्वेलमधून स्टुडिओ एकच गोष्ट विकत घेतो, ती म्हणजे पहिल्या शुक्रवारची गर्दी. नव्या कथेला आधी सांगावं लागतं की हा चित्रपट काय आहे, यात कोण आहे, तुम्ही का यावं. सीक्वेलला फक्त तारीख सांगावी लागते.

ही शुक्रवारची गर्दी एवढी महत्त्वाची झाली त्यालाही इतिहास आहे. पूर्वी चित्रपट मोठ्या शहरांतल्या मोजक्या थिएटरांत लागायचा आणि महिनोन्‌महिने हळूहळू पसरायचा. १९७५ च्या जूनमध्ये 'जॉज' एकदम ४०९ थिएटरांत लावला, सोबत देशभर टीव्हीवर जाहिराती. तिथून वारं फिरलं, पण एका रात्रीत नाही. दोनच वर्षांनी 'स्टार वॉर्स' पहिल्या दिवशी अवघ्या ३२ थिएटरांत होता! आणि २०१९ ला 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' एकट्या अमेरिका-कॅनडात ४,६०० हून अधिक थिएटरांत लागला. एवढ्या पडद्यांवर एकाच दिवशी माणसं बसवायची, तर प्रेक्षक आधीच तयार असलेला बरा. सीक्वेल म्हणजे तो तयार प्रेक्षक.

दुसरी एक ताकद असते, ती बाहेरून दिसत नाही. सीक्वेल हातात असला की वितरक थिएटरवाल्याशी वरच्या आवाजात बोलतो. २०१७ साली 'द लास्ट जेडाय'साठी डिस्नीने अमेरिकेतल्या थिएटरांकडे ६५ टक्के वाटा मागितला, शिवाय थिएटरमधला सगळ्यात मोठा पडदा सलग चार आठवडे त्यालाच द्यायची अट, अशी बातमी वॉल स्ट्रीट जर्नलने दिली होती. दहा पडद्यांच्या मल्टिप्लेक्सला हे परवडतं. एकच पडदा असलेल्या छोट्या गावातल्या मालकाने काय करायचं? त्याचं अख्खं गाव दहा दिवसांत चित्रपट बघून मोकळं होतं, आणि उरलेले दिवस रिकाम्या खुर्च्यांसमोर तोच चित्रपट चालवायचा. काहींनी तो लावलाच नाही. मी वितरकाकडे होतो तेव्हा असल्या अटी लिहिताना मला काही वाटत नसे. पलीकडे बसल्यावर वाटायला लागलं. थिएटरची खरी कमाई तिकिटापेक्षा खाण्यापिण्याच्या काउंटरवर होते, हेही मला पलीकडे गेल्यावरच पटलं. तिथला पैसा कोणाशी वाटायचा नसतो. म्हणून थिएटरवाल्याला रोज माणसं हवी असतात, आणि वितरकाला ती पहिल्या तीन दिवसांत हवी असतात. अर्ध्या भांडणांचं मूळ हेच.

पण ती शुक्रवारची गर्दी कशावरून येते? इथे चाहते चुकतात आणि स्टुडिओही चुकतात. सगळे धरून चालतात की पहिला भाग जितका मोठा, तितका दुसराही मोठा. माझा अनुभव वेगळा आहे. पहिल्या भागाचा गल्ला एवढंच सांगतो की किती लोक आत गेले. दुसऱ्या भागाचं नशीब ठरतं ते लोक बाहेर कसे आले त्यावर, आणि मधल्या वर्षांत घरी बसून आणखी किती जणांनी तो पाहिला त्यावर.

याचं माझं आवडतं उदाहरण 'ऑस्टिन पॉवर्स'चं आहे. पहिला भाग १९९७ मध्ये आला आणि अमेरिकेत त्याने सगळा मिळून सुमारे ५.४ कोटी डॉलरचा धंदा केला. बरा, पण नाव घ्यावं असा नाही. मग तो व्हिडिओवर गेला आणि घराघरांत पाठ झाला. १९९९ चा दुसरा भाग पहिल्या तीन दिवसांतच जवळपास ५.५ कोटी घेऊन बसला. पहिल्याची अख्खी कमाई एका वीकेंडमध्ये! 'जॉन विक'ची चढणही अशीच आहे : २०१४ मध्ये जगभरात साडेआठ कोटींच्या आसपास, मग सतरा, मग बत्तीस आणि २०२३ मध्ये चव्वेचाळीस. चार भाग, प्रत्येक वेळी वरच. पहिल्या भागाच्या गल्ल्याकडे बघून या माळेचा अंदाज कोणी बांधला असता तर लोक हसले असते.

आता उलटी बाजू. टिम बर्टनचा 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' २०१० च्या मार्चमध्ये आला आणि एक अब्ज डॉलरच्या वर गेला. कागदावर याहून खात्रीचा सीक्वेल कुठला? पण तो काळ आठवा. 'अवतार' नुकताच गाजलेला, लोकांना थ्रीडीची चटक लागलेली, थ्रीडी तिकीट महाग, आणि समोर दुसरा मोठा थ्रीडी चित्रपट नाही. लोक 'अ‍ॅलिस'साठी गेले त्याहून जास्त चष्म्यासाठी गेले, असं मी तेव्हाही म्हणत होतो. सहा वर्षांनी दुसरा भाग आला तेव्हा गल्ला ३० कोटींवर अडला.

'जोकर'ची गोष्ट वेगळी. पहिल्या भागावर लोकांचं प्रेम खरं होतं. २०१९ मध्ये साठेक लाख नव्हे, साठेक कोटीही नव्हे, साठेक 'दशलक्ष' डॉलरमध्ये बनलेला (म्हणजे सहा कोटी; ही दशलक्षाची भानगड मराठी बातम्यांत रोज कोणाला ना कोणाला बुडवते) तो चित्रपट एक अब्जाच्या पुढे गेला. दुसऱ्या भागाचा खर्च १९-२० कोटींवर नेला. हे नेहमीच होतं. पहिल्या वेळी नट आणि दिग्दर्शक परवडणाऱ्या भावात मिळतात, दुसऱ्या वेळी त्यांना आपली किंमत कळलेली असते. त्यामुळे दुसऱ्या भागाला आधीइतकाच फायदा मिळवायलाही जास्त धावावं लागतं. आणि त्यांनी दिलं काय, तर ज्या प्रेक्षकाने पहिला डोक्यावर घेतला त्याला नको असलेला चित्रपट. अमेरिकेत थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून गुणांकन घेणारी सिनेमास्कोर नावाची संस्था १९७९ पासून आहे. तिच्या प्रेक्षकांनी त्याला 'डी' श्रेणी दिली, म्हणजे जवळपास नापासच. दुसऱ्या वीकेंडला गल्ला ८० टक्क्यांहून जास्त घसरला, आणि जगभराची बेरीज २१ कोटींच्या आतच राहिली. चित्रपट म्हणून तो धाडसी होता असं म्हणणारे आहेत, मीही थोडासा त्यांच्यातला. पण धाडसाचं तिकीट सहा कोटींत काढावं, वीस कोटींत नाही.

माझी एक चूकही सांगतो, म्हणजे हे सगळं शहाणपण पुस्तकी वाटणार नाही. वितरकाकडे असताना एका चित्रपटाच्या दुसऱ्या भागासाठी मी भरभक्कम किमान हमी देण्याची शिफारस केली. किमान हमी म्हणजे चित्रपट चालो न चालो, एवढी रक्कम निर्मात्याला आधीच मोजायची. पहिला भाग सहा आठवडे चालला होता. तो का चालला हे मी तपासलंच नाही. सुट्ट्यांचा हंगाम होता आणि समोर लागलेले दोन चित्रपट एकापाठोपाठ पडले होते. लोकांनी तो निवडला नव्हता, त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. दुसरा भाग लागला त्या शुक्रवारी ऑफिसात पेढे वाटायचंच काय ते बाकी होतं. शनिवारी संध्याकाळच्या खेळांचे आकडे आले ते शुक्रवारपेक्षा कमी. मी फोन ठेवला आणि काही न बोलता घरी गेलो.

शनिवारचं महत्त्व आकडे वाचायचे कसे या तुमच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे, म्हणून तिथेच येतो. शुक्रवारी चाहते येतात. आगाऊ बुकिंग त्यांचंच असतं. त्यातून अमेरिकेत गुरुवारी रात्रीच्या प्रीव्ह्यू खेळांचे पैसेही शुक्रवारच्याच खात्यात धरतात, त्यामुळे सीक्वेलचा शुक्रवार नेहमी फुगलेला दिसतो. शनिवारी मात्र ज्याला कोणीतरी सांगितलं आहे तो माणूस येतो, घरच्यांना घेऊन येतो. शनिवार शुक्रवारच्या वर गेला, तर चित्रपटाला पाय आहेत, म्हणजे तो पुढेही चालेल. सीक्वेलचा शनिवार थोडा खाली असला तर घाबरायचं कारण नाही. बराच खाली असला तर आहे.

त्यानंतर बघायची ती दुसऱ्या वीकेंडची घसरण. मोठ्या सीक्वेलमध्ये ५० ते ६० टक्के घसरण ही रोजची गोष्ट आहे, ४० च्या आत असेल तर लोक एकमेकांना सांगत आहेत. आणि शेवटी पहिल्या वीकेंडच्या किती पट एकूण गल्ला झाला, तो आकडा. 'एंडगेम'ने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ३५.७ कोटी घेतले आणि शेवटी ८५.८ वर थांबला, म्हणजे अडीच पटही नाही. याला अपयश कोण म्हणेल? ज्यांना बघायचा होता ते सगळे पहिल्याच दिवसांत आले. १९९७ चा 'टायटॅनिक' २.९ कोटींच्या आतच उघडला, सलग पंधरा वीकेंड पहिल्या क्रमांकावर राहिला आणि त्या पहिल्या फेरीत ६० कोटींवर पोहोचला. वीस पटींहून जास्त. हे पुन्हा होणं आता अवघड आहे. चित्रपट घरी यायला पूर्वी तीनेक महिने लागत. २०२० मध्ये युनिव्हर्सल हा स्टुडिओ आणि एएमसी ही थिएटरांची साखळी यांच्यात करार झाला, त्यात सतरा दिवसांनंतर चित्रपट घरी भाड्याने देण्याची मुभा मिळाली. "थांबू, महिन्याभरात येईलच घरी" असं म्हणणाऱ्या माणसाचा पाचवा आठवडा आम्ही कायमचा गमावला.

तरी अपवाद आहेत, आणि ते सीक्वेलच आहेत, ही मजा. 'टॉप गन : मॅव्हरिक' मूळ चित्रपटानंतर ३६ वर्षांनी, मे २०२२ मध्ये आला. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत १२.७ कोटी आणि शेवटी जवळपास ७२. साडेपाच पटींच्या वर! साथीच्या काळात दोन वर्षं डबे तसेच ठेवले, ओटीटीला विकले नाहीत, त्या हट्टाचं ते फळ. त्याच वर्षी डिसेंबरात 'अवतार'चा दुसरा भाग १३.४ कोटींवर उघडला तेव्हा किती जणांनी "कोणाला आठवतोय तो निळ्या माणसांचा चित्रपट?" म्हणत त्याचं श्राद्ध घातलं होतं! तो जगभरात २.३ अब्जांवर गेला. पहिल्या वीकेंडवरून निकाल लावणाऱ्यांना मी तेव्हापासून हेच उदाहरण ऐकवतो. डिसेंबरात लागलेला चित्रपट आणि जुलैत लागलेला चित्रपट यांची पहिल्या वीकेंडवर तुलना करायचीच नसते. डिसेंबरात पुढचे दोन आठवडे सुट्टीचे असतात, कोणाला घाई नसते.

राहिला "कोणी मागितला होता?" हा प्रश्न. कधीकधी उत्तर खरंच असं असतं की कोणीच नाही, करारपत्राने मागितला होता. कथेचे किंवा पात्रांचे हक्क घेताना मुदत घातलेली असते : अमुक वर्षांत चित्रपट सुरू झाला नाही तर हक्क परत. 'फँटॅस्टिक फोर'वर नव्वदच्या दशकात रॉजर कॉर्मन यांच्याकडून एक चित्रपट अत्यंत स्वस्तात, घाईघाईने बनवून घेतला गेला. हक्क हातचे जाऊ नयेत हा त्यामागचा हिशेब होता. तो कधी रीतसर लागलाच नाही. पडद्यावर एक दिवसही न गेलेला चित्रपट, आणि तरी धंद्याच्या दृष्टीने त्याने आपलं काम केलं होतं. तेव्हा एखादा पुढचा भाग घाईत उरकल्यासारखा दिसला, तर कथालेखकाला शिव्या घालण्याआधी हक्कांची तारीख काय होती ते बघा.

आणि एक छोटी गंमत. पूर्वी पुढच्या भागावर आकडा घालणं कमीपणाचं मानत. सीक्वेल म्हणजे स्वस्तातला माल. 'प्लॅनेट ऑफ द एप्स'चे १९६८ ते १९७३ मधले पाच भाग बघा, पुढे पुढे बजेट उतरतच गेलं. १९७४ ला 'द गॉडफादर पार्ट टू' आला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा पहिला सीक्वेल ठरला, आणि 'भाग दोन' लिहिण्यातली लाज गेली. आता चक्र पुन्हा फिरलं आहे. 'ड्यून' २०२१ मध्ये आला तेव्हा जाहिरातींत नुसतं 'ड्यून' होतं, 'पार्ट वन' हे शब्द थेट पडद्यावरच दिसले. मघाच्या 'मिशन : इम्पॉसिबल'ने तर 'भाग एक' उघड लिहिला, आणि पुढच्या चित्रपटाच्या नावातून 'भाग दोन' काढून टाकला. अर्धी गोष्ट बघायला पूर्ण तिकीट कशाला, असं लोकांना वाटतं ही भीती. तीच अर्धी गोष्ट नीट तोडली तर काय होतं ते 'बाहुबली'ने दाखवलं. २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं लोक एकच प्रश्न विचारत राहिले, आणि त्या प्रश्नाला जाहिरातीचा एक पैसा लागला नाही.

पुढच्या वेळी वाद घालताना आणखी एक गोष्ट विचारात घ्या : पडदे किती होते आणि कुठले. २०२३ च्या जुलैत 'मिशन : इम्पॉसिबल' लागल्यावर नऊ दिवसांनी 'ओपनहायमर' आला आणि आयमॅक्सचे पडदे तीन आठवड्यांसाठी घेऊन गेला. तो करार आधीच झालेला होता. महागड्या तिकिटांचे, सगळ्यात जास्त मागणीचे पडदे गेले की शिल्लक राहतो तो आकडा चित्रपटाच्या गुणांचा नसतो. त्याच दिवशी 'बार्बी'ही लागला. दोघांपैकी एकही सीक्वेल नाही. म्हणून "लोकांना फक्त सीक्वेलच हवेत" हेही मला कोणी सांगू नये.

शेवटी तुम्ही विचारलंय की आवडलेला नवा, स्वतंत्र चित्रपट टिकावा म्हणून प्रेक्षक काही करू शकतो का, की घरी बघितला तरी चालतं. घरी बघितलेला पुढच्या भागाच्या कामाचा असतो, वर 'ऑस्टिन पॉवर्स'चं सांगितलं तसं. पण या चित्रपटाचे पुढच्या आठवड्याचे खेळ वाचवायचे असतील, तर पहिल्या शनिवारी किंवा रविवारी या, आणि संध्याकाळच्या खेळाला या. रविवारी रात्री आकडे येतात. सोमवारी सकाळी आम्ही यादी घेऊन बसतो, आणि दुपारपर्यंत पुढच्या शुक्रवारचे पडदे वाटून झालेले असतात.